रब्बी निवृत्त होतात आणि तिथेच राहतात: सिनेगॉगच्या नव्या कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शक

तीस वर्षं ज्यांनी घराघरांतली लग्नं लावली, बाळांची नावं ठेवली, कबरीपाशी उभं राहून कद्दिश (मृतांसाठीची प्रार्थना) म्हणवून घेतलं, ते रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, जूनअखेर निवृत्त होतात. गाव मात्र सोडत नाहीत. घर तिथेच, नातवंडं तिथेच, मित्र तिथेच. जुलैतल्या पहिल्या शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनाघराच्या, बिमावर (व्यासपीठावर) नवे रब्बी उभे असतात आणि जुने चौथ्या रांगेत बसलेले असतात. प्रार्थना संपल्यावर किद्दुशच्या (प्रार्थनेनंतरच्या फराळाच्या) टेबलापाशी गर्दी कुणाभोवती जमेल, हे आदल्या वर्षी कार्यकारिणीने काय ठरवून ठेवलं होतं यावर बरंचसं अवलंबून असतं.

अमेरिकेतल्या एखाद्या सिनेगॉगच्या कार्यकारिणीवर किंवा रब्बी-बदलाच्या समितीवर जे मराठी बेने इस्राएल (कोकणातले मूळचे ज्यू) नव्याने आले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आपल्याला हा प्रकार अनोळखी वाटतो, आणि ते साहजिक आहे. कोकणात आणि मुंबईत पिढ्यानपिढ्या आपल्याकडे रब्बी नव्हतेच. हझान प्रार्थना चालवायचा, मुकादम कारभार पाहायचा. सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत सिनेगॉग बांधलं, तेही रब्बीविनाच चाललं. हझानाचा आवाज थकला की दुसरा कुणी तेबावर (प्रार्थनेच्या व्यासपीठावर) उभा राहायचा आणि पहिला आपल्या बाकावर बसून आमेन म्हणायचा. अमेरिकेतले रब्बी करारावर नेमलेले असतात. प्रवचन, शिक्षण, आजाऱ्याची भेट, लग्न, मयत, घराघरांतली गुपितं, सगळं एकाच माणसाकडे असतं. तो माणूस पद सोडून गावातच राहतो तेव्हा पद आणि माणूस वेगळे करायचं काम समितीला करावं लागतं.

यातली अडचण बहुधा भांडणातून येत नाही, जिव्हाळ्यातून येते. कुणाला कुणाचं वाईट करायचं नसतं. लोकांना फक्त आपले रब्बी हवे असतात. म्हणूनच नियम आधी, शांत डोक्याने आणि कागदावर हवेत.

पहिली पायरी: तारीख आणि घोषणा

रब्बींचे करार साधारणपणे १ जुलैपासून सुरू होतात. नव्या रब्बींचा शोध आदल्या शरद ऋतूत सुरू होतो आणि मुलाखती हिवाळ्यात होतात. त्यामुळे निवृत्तीचा निर्णय बारा ते अठरा महिने आधी कळायला हवा. रब्बी आधी अध्यक्षांना सांगतात, मग कार्यकारिणीला, आणि त्यानंतर एक-दोन दिवसांत सगळ्या सभासदांना पत्र जातं. हे अंतर कमीत कमी ठेवा. बातमी किद्दुशच्या टेबलावर आधी पोचली, तर वर्षानुवर्षांच्या सभासदांना आपल्याला डावललं असं वाटतं आणि ते वाटणं लवकर जात नाही.

रोश हशाना (ज्यू नववर्ष) आणि योम किप्पुर (प्रायश्चित्ताचा दिवस) यांच्या तोंडावर घोषणा करू नका. त्या दहा दिवसांत लोकांनी स्वतःकडे पाहायचं असतं, रब्बींच्या निवृत्तीकडे नाही.

पत्रात एक वाक्य नक्की हवं: रब्बी निवृत्तीनंतरही इथेच राहणार आहेत आणि त्यांची पुढची भूमिका काय असेल हे अमुक महिन्यापर्यंत कळवलं जाईल. हे वाक्य नसलं की प्रत्येक घर आपापली भूमिका ठरवून टाकतं.

दुसरी पायरी: पैशाचे कागद

हा भाग रुक्ष आहे, पण यात चूक झाली तर झळ एका वृद्ध जोडप्याला बसते.

अमेरिकेच्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १०७ नुसार धर्मसेवकांना घरभाड्याच्या भत्त्यावर प्राप्तिकर भरावा लागत नाही. रब्बी त्यात येतात. भत्त्याची रक्कम आधीच ठरवून नोंदवलेली असावी लागते. करमाफी मिळते ती तीन आकड्यांपैकी सर्वांत लहान आकड्यावर: नोंदवलेली रक्कम, घरावर झालेला खरा खर्च, आणि फर्निचर व वीज-पाण्यासह घराचं बाजारभावाने होणारं भाडं. धर्मसेवकांसाठी असलेल्या पेन्शन योजनेतून मिळणाऱ्या रकमेलाही निवृत्तीनंतर ही सवलत लागू शकते. मात्र तीच पुंजी साध्या वैयक्तिक निवृत्ती खात्यात वळवली की सवलत हातची जाते. त्यामुळे धर्मसेवकांचे कर ज्याला कळतात असा हिशेबनीस गाठल्याशिवाय रब्बींनी पैसे हलवू नयेत, आणि समितीनेही हलवायला सुचवू नये.

रब्बी सिनेगॉगच्या मालकीच्या घरात राहत असतील तर घर कधी सोडायचं ते करारात बघा. करार गप्प असेल तर आताच ठरवा. वयाच्या पासष्टीला मेडिकेअर (सरकारी आरोग्यविमा) मिळतं आणि नाव नोंदवायची मुदत सात महिन्यांची असते, पासष्टीच्या महिन्याच्या आधीचे तीन, तो महिना आणि नंतरचे तीन. पण रब्बींची पत्नी किंवा पती वयाने लहान असतील, तर सिनेगॉगच्या विम्यातून बाहेर पडल्यावर त्यांचं काय? हा प्रश्न समितीत कुणीतरी पहिल्याच बैठकीत विचारावा.

तिसरी पायरी: 'एमेरिटस' हे पद

निवृत्त रब्बींना 'रब्बी एमेरिटस', म्हणजे सन्मानाने निवृत्त झालेले रब्बी, म्हणायची पद्धत आहे. हा मान आपोआप मिळत नाही. कार्यकारिणी ठराव करते आणि बऱ्याच ठिकाणी तो सर्वसाधारण सभेत मंजूर होतो. नव्या कार्यकर्त्याने दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. ठरावाने मान मिळतो. त्या मानासोबत काय येतं, ते करारात लिहायचं.

लिहिण्यासारख्या गोष्टी अशा: दोघांचं तहहयात सभासदत्व वर्गणीशिवाय, सणांच्या वेळच्या जागा, सिनेगॉगच्या दफनभूमीत कबरीची जागा, वर्षातून किती वेळा प्रवचन आणि ते कुणाच्या बोलावण्यावरून. इमारतीत खोली द्यावी का, यावर मतं वेगळी आहेत. माझं मत स्पष्ट आहे: देऊ नये. खोली असली की दार असतं, आणि त्या दारावर लोक टकटक करतात. पुस्तकं ठेवायला जागा हवी असेल तर सिनेगॉगच्या सर्वांसाठी खुल्या ग्रंथालयात कपाट द्या.

तोरामध्ये (मोशेच्या पाच पुस्तकांत) याचा जुना दाखला आहे. बमिदबार म्हणजे गणनाच्या पुस्तकात, आठव्या अध्यायाच्या शेवटी लेवींबद्दल (सभामंडपाची सेवा करणाऱ्या वंशाबद्दल) सांगितलंय: पन्नासाव्या वर्षी त्यांनी सेवेच्या कामातून बाहेर पडावं, आपल्या भावांबरोबर सभामंडपात पहारा सांभाळावा, पण सेवा करू नये. तंबूतून घालवलेलं नाही, ओझं मात्र काढून घेतलं आहे. समितीच्या पहिल्या बैठकीत हा उतारा वाचा. निवृत्त होणाऱ्या रब्बींनाच वाचायला सांगितलं तर फारच उत्तम.

चौथी पायरी: तिघांचा लेखी समझोता

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. समझोता तिघांत होतो: निवृत्त होणारे रब्बी, नवे रब्बी, आणि मंडळीच्या, म्हणजे सिनेगॉगच्या सभासदांच्या, वतीने अध्यक्ष. नवे रब्बी निवडून आल्यानंतर आणि रुजू होण्याआधी, म्हणजे साधारण वसंतात, तिघांनी एकत्र बसायचं. आधी नव्या रब्बींना विचारा, मग मसुदा लिहा. त्यांच्या पाठीमागे ठरलेला नियम त्यांना पाळायचा असतो, पण त्यावर त्यांचं नाव नसतं.

मुख्य नियम सोपा आहे. मंडळीतलं लग्न, मयत, बार मित्झवा (मुलाच्या वयात येण्याचा विधी), नाव ठेवणं, कबरीच्या दगडाचं अनावरण, सगळ्याची पहिली हाक पदावरच्या रब्बींना. जुन्या रब्बींनी सहभागी व्हावं का, हे त्यांना विचारायचं ते नव्या रब्बींनी. कुटुंबाने थेट नाही. रिफॉर्म (उदारमतवादी प्रवाहाच्या) रब्बींची संघटना, १८८९ साली स्थापन झालेली सेंट्रल कॉन्फरन्स ऑफ अमेरिकन रब्बीज, हिच्या आचारसंहितेचाही रोख हाच आहे: निवृत्त रब्बींनी पदावरच्या रब्बींच्या संमतीशिवाय त्या मंडळीतले विधी करू नयेत. तुमचं सिनेगॉग दुसऱ्या प्रवाहातलं असेल तर त्या प्रवाहाच्या संघटनेचे नियम मागवा.

नियम कागदावर सोपा असतो, फोनवर अवघड. आपल्यात दफन लवकर करायचं असतं, त्यामुळे विचार करायला सवड नसते. रात्री अकराला वडील गेले, आणि मुलीच्या बोटांना जुन्या रब्बींचाच नंबर पाठ आहे. ती रडत म्हणते, "रब्बी, तुम्हीच या." या क्षणी काय बोलायचं हे त्यांनी आधी ठरवून ठेवलेलं असावं. चांगलं उत्तर असं: "मी तुझ्यासाठी आहेच. नव्या रब्बींना फोन केलास का? आधी त्यांना कर, नंबर देतो. मी शिव्हाला, सुतकाच्या सातही दिवशी, येऊन बसेन." यात 'नाही' हा शब्द नाही, पण वाट दाखवलेली आहे. त्यानंतर जुन्या रब्बींनी स्वतः नव्यांना फोन करून कळवावं, म्हणजे ती मुलगी दोन दारांमध्ये अडकत नाही. पुढे नव्या रब्बींना वाटलं तर ते जुन्यांना दोन शब्द बोलायला बोलावतील. बहुतेक वेळा बोलावतातही, कारण गेलेल्या माणसाला तेच ओळखत असतात.

लग्नाचं दुखणं वेगळं असतं. ज्या मुलीची बात मित्झवा (मुलींचा तोच विधी) रब्बींनी केली, तिला त्यांनीच हुप्पाखाली (लग्नाच्या छताखाली) उभं राहावं असं वाटतं, आणि तिला हे वर्षभर आधी ठाऊक असतं. काही मंडळी संक्रमणाची मुदत ठरवतात: निवृत्तीच्या घोषणेआधी ठरलेली लग्नं जुने रब्बी लावतील, त्यानंतरची सगळी नवे. मला ही पद्धत न्याय्य वाटते, कारण दिलेला शब्द मोडत नाही आणि रांग कायमची उघडीही राहत नाही. दोघांनी मिळून लग्न लावण्यालाही हरकत नाही, फक्त बोलावणं नव्यांकडून जावं.

धर्माच्या प्रश्नांचंही तसंच. घरात पेसाहच्या सणात काय चालतं, कद्दिश कुणी म्हणावं, अशा प्रश्नांचा निर्णय त्या ठिकाणच्या रब्बींचा, ज्याला 'मारा द'अत्रा' म्हणतात. जुने रब्बी अधिक विद्वान असतील, तरीही उत्तर नव्यांचंच. जुन्यांनी म्हणावं, "यावर रब्बींना विचारा." आपल्याला वेगळं उत्तर माहीत असताना हे म्हणणं फार जड जातं, हे समितीने ओळखून असावं.

पाचवी पायरी: पहिल्या वर्षाचं अंतर

पहिलं वर्ष, निदान पहिले मोठे सण, जुन्या रब्बींनी दुसरीकडे काढावेत असा सल्ला बऱ्याचदा दिला जातो, आणि तो बरोबर आहे. नव्या रब्बींना योम किप्पुरच्या दिवशी हजार डोळ्यांसमोर उभं राहायचं असतं. त्यातले दोन डोळे आधीच्या रब्बींचे असणं कुणालाच सोपं नाही. त्या वर्षी प्रवास, इस्राएल, दुसऱ्या गावातलं सिनेगॉग किंवा लहान गावातल्या मंडळीसाठी सणांपुरती सेवा, असे मार्ग असतात. लॉर्ड जोनाथन सॅक्स २०१३ साली ब्रिटनच्या मुख्य रब्बीपदावरून उतरले आणि एफ्रायम मिर्विस त्यांच्या जागी आले. सॅक्स यांचं घर लंडनमध्येच राहिलं, पण त्यांनी न्यूयॉर्कमध्ये अध्यापन स्वीकारलं. लंडनच्या नव्या मुख्य रब्बींना मोकळी जागा मिळाली आणि शिकणाऱ्यांना सॅक्स मिळाले.

ऑर्थोडॉक्स (परंपरानिष्ठ) मंडळीत हा सल्ला जसाच्या तसा चालत नाही. शब्बाथला गाडी चालवायची नाही, म्हणजे चालत पोचता येईल तेच सिनेगॉग. गावात एकच असेल तर जुने रब्बी जाणार कुठे? मग अंतर इमारतीच्या आतच आखावं लागतं. पूर्वेच्या भिंतीपाशी, मंडळीकडे तोंड करून असलेली रब्बींची जागा सोडून आतल्या रांगेत बसणं. पहाटेच्या मिन्यानला (किमान दहाजणांच्या सामूहिक प्रार्थनेला) येणं आणि मुख्य प्रार्थना टाळणं. किद्दुशला थोडं थांबून निघणं. आणखी एक अपवाद सगळ्याच प्रवाहांत ठेवा. त्या वर्षी रब्बींच्याच आई किंवा वडिलांचं निधन झालं, तर अकरा महिने कद्दिश म्हणायला त्यांना दहाजणांचं मिन्यान लागतं. अशा वेळी कुठलाही समझोता त्यांना दाराबाहेर ठेवू शकत नाही, ठेवूही नये.

हे अंतर किती दुखतं, याची कल्पना मिद्राशच्या (तोरावरच्या जुन्या रब्बींच्या विवेचनाच्या) एका गोष्टीत आहे. मोशे देवाला विनवतो: नेतृत्व माझ्यानंतरच्या यहोशुआला दे, मी त्याचा शिष्य म्हणून राहीन, पण मला जगू दे. दोघं सभामंडपात जातात, मेघाचा खांब दोघांच्या मध्ये उभा राहतो. खांब उठल्यावर मोशे विचारतो, "तुला काय सांगितलं?" यहोशुआ म्हणतो, "देव तुला सांगायचा तेव्हा मला कळायचं का?" त्यावर मोशे ओरडतो: शंभर मरणं चालतील, पण एक मत्सर नको. मोशेला हे वाटलं, तर तुमच्या रब्बींना वाटलं म्हणून ते लहान ठरत नाहीत. समितीतल्या एका माणसाने, अध्यक्षांनी नव्हे, महिन्यातून एकदा त्यांच्याकडे चहाला जावं आणि सिनेगॉगचा विषय न काढता बसावं.

सहावी पायरी: सुपूर्द करायच्या गोष्टी

चाव्या, पासवर्ड, ईमेलचा पत्ता, दाराचा कोड ही यादी कार्यालय करेलच. ईमेलवर येणारी पत्रं आपोआप नव्या रब्बींकडे वळतील एवढं बघा. माझी कळकळ दुसऱ्या कागदांसाठी आहे.

धर्मांतराची प्रमाणपत्रं, तिघांच्या बेत दीनच्या (धर्मन्यायालयाच्या) सह्या, केतुबांच्या (विवाहकरारांच्या) नोंदी, नामकरणाच्या नोंदी: हे कागद बऱ्याचदा रब्बींच्या घरातल्या फाइलींत असतात. वीस वर्षांनी एखाद्या मुलीला इस्राएलमध्ये स्थायिक व्हायचं असतं किंवा तिथे लग्न करायचं असतं, आणि आईचं धर्मांतर कुणी केलं हे दाखवावं लागतं. कागद पूर्ण असूनही प्रश्न उठू शकतात. २०१६ साली पेताह तिक्वाच्या रब्बी न्यायालयाने न्यूयॉर्कचे नामवंत ऑर्थोडॉक्स रब्बी हॅस्केल लुकस्टाइन यांनी केलेलं एक धर्मांतर मान्य करायला नकार दिला होता. मग कागदच नसलेल्या माणसाने काय करायचं? प्रत्येक नोंदीची एक प्रत सिनेगॉगच्या तिजोरीत आणि एक संबंधित कुटुंबाकडे, निवृत्तीच्या आधी. आपल्या बेने इस्राएल कुटुंबांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. १९६० च्या दशकात इस्राएलमध्ये आपल्या लोकांना लग्नासाठी वंशाचे पुरावे मागितले गेले होते आणि १९६४ साली त्याविरुद्ध यरुशलेममध्ये आंदोलन झालं होतं.

समुपदेशनाच्या खाजगी टिपणांचं उलट आहे. त्या सुपूर्द करायच्या नाहीत. कुणी रब्बींना विश्वासाने सांगितलं ते त्या रब्बींनाच सांगितलं होतं. तोंडी एवढंच पुरे: "या घरी लवकर जा," किंवा "यांना एकटं वाटतं." नव्या रब्बींना माणसं स्वतः ओळखू द्या.

रब्बींच्या हातखर्चाचा धर्मादाय निधी सिनेगॉगचा असतो, रब्बींचा नव्हे. शेवटच्या दिवशी हिशेबासकट तो नव्यांकडे जातो. ज्यांना त्यातून गुपचूप मदत मिळत होती, त्यांची मदत मध्येच थांबू नये म्हणून दोन्ही रब्बींनी याबद्दल एकट्यात बोलावं.

घरच्यांचं काय

रब्बींच्या पत्नीला किंवा पतीला निवृत्तीबद्दल कुणी विचारत नाही. रेबेत्झिननी, म्हणजे रब्बींच्या पत्नीने, कदाचित पंचवीस वर्षं सणांची जेवणं घातली, स्त्रियांचा अभ्यासगट चालवला. तिला तो गट सोडावा लागेल का? तिच्या मैत्रिणी याच मंडळीत आहेत. समझोत्यात तिचं नाव घेऊन, तिला विचारून, दोन ओळी लिहा. नव्या रब्बींच्या जोडीदारावर तीच कामं आपोआप पडणार नाहीत, हेही त्याच वेळी ठरवा.

सातवी पायरी: परत येणं

वर्षाने तिघांनी पुन्हा बसायचं. आता विचारायचं ते नव्या रब्बींनी: तुम्ही काय कराल? नवे रब्बी सुट्टीवर किंवा बाळंतपणाच्या रजेवर असतील तेव्हा सेवा. तालमूदचा (जुन्या रब्बींच्या धर्मचर्चांच्या ग्रंथाचा) वर्ग, नव्या रब्बींच्या वर्गाशी वेळ आणि विषय न भिडवता. इस्पितळातल्या भेटी वाटून घेणं. आणि रोजच्या मिन्यानला दहावा माणूस होणं, ज्याची किंमत लहान गावातल्या मंडळीला पक्की ठाऊक असते.

तालमूदमध्ये बराखोत नावाच्या भागात रब्बान गमलिएलांना अभ्यासगृहाच्या प्रमुखपदावरून काढल्याची हकिकत आहे. त्यांच्या जागी तरुण एलाझार बेन अझरिया आले, आणि त्याच दिवशी अभ्यासगृहात नवे बाक टाकावे लागले इतकी गर्दी झाली. तरी गमलिएल एक क्षणही अभ्यासगृहातून दूर राहिले नाहीत. पुढे ते, ज्यांचा त्यांनी अपमान केला होता त्या रब्बी यहोशुआंची क्षमा मागायला गेले आणि त्यांना पद परत द्यायचं ठरलं; पण एलाझारांना खाली कसं उतरवायचं, पवित्र गोष्टीत चढवतात, उतरवत नाहीत. म्हणून दोघांनी शब्बाथ वाटून घेतले. निवृत्तीची गोष्ट ही नाही, पण एका अभ्यासगृहात दोन मोठी माणसं कशी राहतात याची आहे, आणि तिघांच्या वार्षिक बैठकीत वाचायला मला याहून चांगलं काही सापडलेलं नाही.

तक्रारी आल्या तर

नव्या रब्बींचं प्रवचन लांबतं, त्यांनी प्रार्थनेची चाल बदलली, ते फोन उचलत नाहीत: ही गाऱ्हाणी घेऊन लोक जुन्यांच्या घरी जातील. जुन्यांचं उत्तर ठरलेलं असावं: "हे त्यांना सांगा, किंवा अध्यक्षांना. मला सांगू नका." नुसतं ऐकून मान हलवली तरी ती संमती मानली जाते. आणि जुन्या रब्बींनी मर्यादा ओलांडली, तर त्यांना सांगायचं काम नव्या रब्बींवर ढकलू नका. ते अध्यक्षांचं आहे. एकट्यात, समझोत्याचा कागद समोर ठेवून, लवकर. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना असं बोलायची सवय नसते आणि आपण वर्षभर गप्प राहतो. तेवढ्यात नवे रब्बी दुसरी नोकरी शोधू लागलेले असतात.

तुम्ही साधे सभासद असाल तरी तुमच्याकडे काम आहे. जुन्यांना तहहयात 'रब्बी' म्हणा, शब्बाथच्या जेवणाला बोलवा, त्यांच्या घरी जा. लग्नाची तारीख मात्र आधी नव्यांना कळवा.

नव्या रब्बींच्या शोध समितीवर निवृत्त होणाऱ्या रब्बींना घेऊ नका, त्यांचं मत कितीही मोलाचं असलं तरी. उमेदवारांना त्यांच्याशी एकदा बोलायचं असेल तर बोलू द्या, तेवढं पुरे. आणि हे रब्बी पुढे कधी बदलले, तर जुना समझोता नव्या माणसाला लागू होत नाही. तो कागद पुन्हा काढायचा, तिघांनी पुन्हा बसायचं आणि नव्याने सह्या करायच्या.